'अँटीव्हायरस म्हणजे पैसे पाण्यात' म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

डीटीपीवाला: दोन दिवस ती पोस्ट फिरतेय, "घरच्या कॉम्प्युटरला अँटीव्हायरस म्हणजे पैसे पाण्यात, डोकं वापरा झालं". राहवलं नाही म्हणून लिहितोय. डोकं मलाही आहे हो, २००९ पासून घरून पत्रिका, स्मरणिका करतो. पण माझ्या मशीनवर पोरगा गेम टाकतो, गिऱ्हाईक पेनड्राइव्ह खुपसतं, मेव्हणा फॉर्म भरायला बसतो, कुणाकुणाचं डोकं वापरू? एका संध्याकाळी सगळ्या फायलींच्या नावांना चार अक्षरांचं भलतंच शेपूट, एकही उघडेना, आणि फोल्डराफोल्डरात चिठ्ठी, ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिले तर ४९०. दिले नाहीत. अकरा वर्षांचं काम गेलं.

कोल्हापुरी_कोडर: पोस्ट माझीच. वाईट वाटलं, पण ते आलं कुठून हे तुम्ही गाळलंत. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचाच डिफेंडर हा अँटीव्हायरस आत फुकट आहे. विकतचा टाकला की तो बाजूला होतो आणि वर्षभराने नुसते 'रिन्यू करा' चे पॉपअप. बाहेरच्या फुकट अँटीव्हायरसवाल्यांचं तर विचारू नका, लोकांची ब्राउझिंगची माहिती विकली म्हणून २०२४ मधे अवास्टला अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागलेत. राखणदारानेच घरातलं विकायचं?

डीटीपीवाला: आलं कुठून ते सांगतो. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ होती, आधी अँटीव्हायरस बंद करा. केला.

कोल्हापुरी_कोडर: मग दरवाजा तुम्हीच उघडलात की!

टायपिंगमास्तर: मूळ दुखणं हेच आहे. विंडोजमधे इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड कधीपासून आहे, २०१९ पासून इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहायचा फोनेटिकही आलाय, तरी माझ्याकडचे विद्यार्थी 'मराठी टायपिंग फ्री डाउनलोड' शोधतात. गुगलने विंडोजचं ऑफलाइन इनपुट टूल केव्हाच काढून घेतलं, ती जुनी एक्झी (इन्स्टॉल करायची फाइल) अजून कुठल्या कुठल्या ब्लॉगवरून उतरवतात. युनिकोड वापरा, म्हणजे मोबाइलपासून सगळीकडे वाचता येतं ते मराठी, क्रॅकची गरजच संपेल.

डीटीपीवाला: मास्तर, पानं लावायचं ते जुनं पेजमेकर उघडलंय का कधी? त्याला युनिकोड कळतच नाही. प्रेसवाला जुन्या फॉन्टातलीच फाइल मागतो, गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमधे मजकूर पाठवतं, मधे कन्व्हर्टर, त्यात रफार उडतो. 'आशीर्वाद' चा 'आशीवाद' छापला तर पत्रिका माझ्या तोंडावर फेकतात, तुमच्या नाही.

टायपिंगमास्तर: म्हणून चोरीचं वापरायचं? इनडिझाइन शिका, त्यात युनिकोड चालतं. तुमच्यासारख्यांमुळेच मराठी जुन्या फॉन्टात अडकून पडलीय.

डीटीपीवाला: इनडिझाइनचं महिन्याचं भाडं तुम्ही भरणार का? पत्रिकेमागे काय सुटतं माहितीये?

नगरची_लेक: फॉन्टचं नंतर भांडा. माझे बाबा ७१ वर्षांचे. प्रिंटरचा ड्रायव्हर शोधला, सगळ्यात वर आली ती जाहिरात, त्यावर नंबर, समोरच्याने गोड बोलून दुरून कॉम्प्युटर चालवायचं रिमोटचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं आणि खात्यातून ४३ हजार गेले. अँटीव्हायरस होता, विकतचा होता, चालू होता. तो हूं की चूं करेना कारण ते सॉफ्टवेअर व्हायरस नव्हतंच. याचं उत्तर तुमच्या दोघांकडेही नाही.

कोल्हापुरी_कोडर: ताई, यावर खरंच माझ्याकडे उत्तर नाही. तरी माझ्या आईच्या लॅपटॉपवर केलंय ते सांगतो. अ‍ॅडमिन खातं माझं, तिला साधं खातं, बरंचसं सॉफ्टवेअर टाकायचं तर पासवर्ड लागतो म्हणजे मला फोन येतो. ड्रायव्हर लागला तर कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करायचा, बाकी सॉफ्टवेअर जमेल तितकं विनगेटने (आज्ञा टाइप करून सॉफ्टवेअर उतरवायचं विंडोजचंच साधन). एक्झीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचरमधे, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीच्या सहीत, कुणाचं नाव आहे बघा. शंका आली तर व्हायरसटोटलवर टाका, ती साइट एकच फाइल बऱ्याच अँटीव्हायरसकडून तपासून देते, पण गिऱ्हाइकाच्या फायली तिथे चढवू नका, त्या इतरांच्या हाती लागू शकतात.

डीटीपीवाला: सहीचं कौतुक नको. २०१७ ला सीसीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करायच्या सॉफ्टवेअरची ५.३३ आवृत्ती खुद्द कंपनीच्या साइटवर, कंपनीच्या सहीनिशी, आत मालवेअर घेऊन महिनाभर होती. तेव्हा काय बघणार होतात?

कोल्हापुरी_कोडर: ते मान्य. सही खरी असली तरी आतला माल खराब असू शकतो. पण तुमच्या क्रॅकला सही तरी होती का?

डीटीपीवाला: नव्हती. आणि बंद केला नसता तर डिफेंडरने कदाचित अडवलंही असतं, तेवढं मी मानतो. पण तुमच्या पोस्टमधे 'आहे तो बंद करू नका' हे एक वाक्य नाही, आणि बॅकअपचा तर शब्दही नाही. माझी बॅकअपची हार्डडिस्क त्या वेळी मशीनलाच लावलेली होती, तीही गेली.

कोल्हापुरी_कोडर: दोन्ही टाकतो. 'डोकं वापरा' मात्र काढणार नाही.

नगरची_लेक: त्यात 'पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन करा' हेही टाका. आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.