पुन्हा: 31 तारखेची परिषद – ब्रेकआउट रूमचे गट

कार्यवाह:
नमस्कार. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेज वसाहतीवरच्या परिषदेत छोट्या गटांनी झूमच्या वेगवेगळ्या ब्रेकआउट रूममध्ये बोलायचंय. त्या गटांची यादी आज रात्री चढवतेय, एका गटात सात जण. बदल असतील तर जेवणाआधी कळवा.

बेलापूर गट:
वहिनी, यादी चढवू नका. आधी नेमलेले गट ईमेलवर चालतात. यादीतल्याच ईमेलने लॉगिन केलं असेल तर माणूस आपसूक आपल्या रूममध्ये जातो. इथले रहिवासी व्हॉट्सअ‍ॅपवरची लिंक दाबून पाहुणे म्हणून येणार, म्हणजे सगळे मुख्य सभेतच ताटकळणार. ‘स्वतः निवडा’ ठेवलं तर जुन्या अ‍ॅपवर तो पर्यायच दिसत नाही. त्यापेक्षा नावाआधी गटाचा आकडा टाकायला सांगा आणि हलवायला होस्टशिवाय एक को-होस्ट ठेवा. क्लाउड रेकॉर्डिंगही फक्त मुख्य सभेचं होतं, तेव्हा प्रत्येक रूमला लेखनिक लागेलच.

न्यू जर्सी:
सातच का? दहा केले तर होस्टचा ताप कमी.

बेलापूर गट:
विषय आर्टिस्ट्स व्हिलेजचा आहे म्हणून. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी तिथे दर सात घरांच्या मध्ये साधारण 8 बाय 8 मीटरचं अंगण ठेवलंय, आणि असे तीन पुंजके मिळून 12 बाय 12चा चौक. एका अंगणाचे लोक एका रूममध्ये, मग तीन रूम एकत्र करून चौकाची चर्चा. दहा जणांत शेजारचं अंगण मिसळलं की ‘आमची भिंत, तुमचं झाड’ सुरू होतं.

लंडनहून ताई:
गटांचं नंतर बघा, आधी निमंत्रण दुरुस्त करा. आमची घड्याळं यंदा 25 ऑक्टोबरला तासभर मागे जातात, अमेरिकेची 1 नोव्हेंबरला. त्यामुळे 31ला बेलापूरचे संध्याकाळी 7 म्हणजे लंडन दुपारी 1:30, न्यूयॉर्क सकाळी 9:30, कॅलिफोर्निया सकाळी 6:30. तुम्ही न्यूयॉर्क 8:30 छापलंय.

न्यू जर्सी:
कॅलिफोर्नियाचं कोण उठणार आहे? पीडीसी 2022 या सहभागी डिझाइनच्या परिषदेने न्यूकॅसलसोबत जागोजागी एकत्र बसायची ठिकाणं, ‘प्लेसेस’, केली होती. तसं बेलापूरकरांना एका हॉलमध्ये बसवा, फोनचा प्रश्नच मिटला.

बेलापूर गट:
मिटत नाही, वाढतो. एका हॉलमध्ये दोन फोनचा आवाज चालू राहिला की शिट्टी. नुसतं म्यूट पुरत नाही, त्या फोनचा स्पीकर शेजारच्या माइकमध्ये घुसतोच. दर टेबलाला एकच स्पीकरफोन, बाकीच्यांनी ऑडिओ तोडायचा, आणि टेबलं लांब लांब. शिवाय हॉलमध्ये मोठ्या आवाजाचे तिघेच बोलतात. घरून जोडलेल्या आजी निदान कागद तरी भरतात.

खजिनदार:
हॉलचं भाडं कोणत्या खात्यातून? मला कोणी विचारलेलं नाही.

लंडनहून ताई:
कागद कसले? मिरो, तो ऑनलाइन फळा, ठरला होता ना?

बेलापूर गट:
मिरो फक्त लेखनिकाच्या लॅपटॉपवर, स्क्रीन शेअर करून. फोनवर चिकटचिठ्ठी हलवायला गेलं की अख्खा बोर्डच सरकतो. रहिवाशांना 1:50 प्रमाणाचा नकाशा छापून देतोय. अंगण 16 सेंमी, A4वर मावतं. चौक 24 सेंमी, त्याला A3च लागतो. छपाईवाल्याला ‘फिट टू पेज’ बंद करायला बजावा, नाहीतर माप गेलं. हातात आल्यावर पट्टी लावून 16 भरतात का बघा. कडेला मापपट्टी छापलीय, ती फोटोत आलीच पाहिजे. जाड मार्करने काढा, वरून सरळ फोटो घ्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो दाबला जातो, बारीक रेषा जातात.

कार्यवाह:
यादी थांबवली. वेळा दुरुस्त करून निमंत्रण पुन्हा पाठवते. को-होस्ट न्यू जर्सीने व्हावं, सूचना त्यांच्याच फार आहेत.

खजिनदार:
A3ची छपाई किती प्रती? आणि पावती मंडळाच्या नावाने घ्या, गटाच्या नाही.