मदत हवी आहे: फॉल्ट बंद धरू की गळका? हिस्टरी मॅच दोन्हीकडे जुळतोय

नमस्कार मंडळी,

पेट्रोलियम इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी नॉर्वेच्या गुलफाक्स या तेलक्षेत्रावर बेतलेलं शिकाऊ मॉडेल घेतलंय; त्याचे निकाल जुन्या उत्पादनाच्या नोंदींशी जुळवणं म्हणजे हिस्टरी मॅच. ‘मुंबई हाय का नाही?’ असं कुणी विचारायच्या आधीच सांगतो: तिथला मुख्य साठा चुनखडीत आहे, आणि मला सँडस्टोन-शेलमधले (वाळूच्या आणि चिकणमातीच्या खडकातले) फॉल्ट, म्हणजे थर जिथे तुटून सरकलेत त्या भेगा, हवे होते.

गुलफाक्सच्या पश्चिम भागात थर पश्चिमेकडे कललेले आणि फॉल्ट पूर्वेकडे उतरणारे, तेही जेमतेम २५-३० अंशांनी. त्यामुळे प्रत्येक ब्लॉकचा माथा त्याच्या पूर्वेकडच्या फॉल्टला चिकटून येतो. माझी नवीन वेल (विहीर) तिथेच, टार्बर्ट या वाळूच्या थराच्या वरच्या भागात टाकायची आहे.

घोळ असा. फॉल्टपलीकडे पाण्याची इन्जेक्शन वेल आहे. थ्रो (थर किती उभे सरकलेत ते) ६० मीटर, त्यात क्ले १८ मीटर, म्हणजे शेल गाउज रेशो (सरकून गेलेल्या थरांतलं क्लेचं प्रमाण) ३० टक्के. त्यावरून ट्रान्समिसिबिलिटी मल्टिप्लायर (फॉल्टमधून किती प्रवाह जाऊ द्यायचा तो गुणक; ० म्हणजे पूर्ण बंद, १ म्हणजे उघडा) ०.०१ च्या आसपास आला आणि तोच सबंध फॉल्टला लावला. खालचा अ‍ॅक्विफर (तेलाखालचा पाणीसाठा) जरा जोरदार धरला की जुन्या वेलचा वॉटर कट (उपशातलं पाण्याचं प्रमाण) छान बसतो. पण मल्टिप्लायर ०.२ करून अ‍ॅक्विफर कमजोर केला तरी तसाच बसतो! पहिल्यात माथ्यावर तेल शिल्लक राहतं, दुसऱ्यात इन्जेक्शनच्या पाण्याने ते आधीच धुऊन नेलेलं दिसतं. गाईड म्हणतात, ‘चांगला मॅच घे.’ दोन्ही चांगलेच आहेत, त्याचं काय करू?

प्रतिसाद १

सबंध फॉल्टला एकच आकडा का लावलास? ६० मीटर थ्रोला टार्बर्टचा खालचा भाग पलीकडच्या टार्बर्टच्याच वरच्या भागासमोर येत असणार. म्हणजे वाळूसमोर वाळू, आणि तिथून सरकून गेलेल्या थरांत क्ले कमीच. खालच्या एटिव्ह थरासमोर मात्र पलीकडचा नेस थर येतो, त्यात शेल आणि कोळसा. रेशो फॉल्टवरच्या प्रत्येक सेलजोडीसाठी (मॉडेलच्या ग्रिडमधल्या समोरासमोरच्या दोन चौकटींसाठी) वेगळा काढ. सरासरीत नेमकी गळकी पट्टी हरवते.

दुसरं, मल्टिप्लायर सेलच्या आकारावर अवलंबून असतो. १०० मीटरच्या सेलला काढलेला ०.०१ पन्नासच्या ग्रिडमध्ये साधारण निम्मा होतो. ग्रिड बदललंस तर जुना आकडा उचलून टाकू नकोस.

प्रतिसाद २

वॉटर कट एकटा हे भांडण सोडवणार नाही. दोन्ही बाजूंचे थरवार प्रेशर पॉइंट (वेलमध्ये मोजलेले दाब) डेटासेटमध्ये असतील तर काढ. इन्जेक्शन सुरू झाल्यावर पलीकडे प्रेशर चढलं आणि अलीकडे ढिम्म राहिलं, तर बंद मॉडेलचं पारडं जड. सुरुवातीचा ऑइल-वॉटर कॉन्टॅक्ट (तेल आणि पाण्याची सीमा) दोन्हीकडे सारखा आहे म्हणून फॉल्ट उघडा समजू नकोस. लाखो वर्षांत झिरपणारा फॉल्ट उत्पादनाच्या वीस वर्षांत बंदच वागू शकतो. प्रत्यक्ष गुलफाक्समध्ये १९९० च्या दशकापासून फोर-डी साइझ्मिकवरून (काही काळाने पुन्हा केलेल्या कंपनलहरींच्या सर्वेक्षणावरून) न उपसलेलं तेल शोधलंय, शिकाऊ डेटात ते बहुधा नसेल.

आणि वेल फॉल्टपासून किती लांब ठेवतोयस? २८ अंशांच्या फॉल्टची खोली २० मीटरने चुकली, तर त्याची जागा आडव्यात जवळपास ३८ मीटर सरकते. फार चिकटलास तर टार्बर्टमध्ये शिरायच्या आधीच फॉल्ट ओलांडशील आणि लॉगमध्ये (वेलमधल्या थरांच्या नोंदीत) थरांचा एक तुकडा गायब दिसेल.

धागाकर्ता

आता ५० मीटरवर आहे. प्रेशर पॉइंट आहेत, पण फक्त अलीकडचे. सेलजोडीनुसार रेशो काढून दोन्ही मॉडेल पुन्हा चालवतो. तोवर एक सांगा, वेल १०० मीटरवर नेली तर माथ्यावरचं किती तेल हातचं जातं, हे दोन्ही मॉडेलांत तपासूनच जागा ठरवायची ना?