मदत हवी आहे: ल्युपसमध्ये पेशी जास्त मरतात, की त्यांची आवराआवर कमी पडते?

नमस्कार. धाकट्या बहिणीला ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे, म्हणून मिळेल ते वाचतेय. एका जागी मात्र अडकलेय.

मेलेल्या पेशी मॅक्रोफेज (सफाई करणाऱ्या पेशी) गिळतात आणि सी१क्यू हे प्रथिन त्यात मदत करतं. जन्मतः सी१क्यू नसलेल्या बहुतेकांना ल्युपससारखा आजार होतो, म्हणजे आवराआवर महत्त्वाची, हे पटलं. पण न्यूट्रोफिलचं (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) मरण वेगळंच! जंतू अडकवायला ते स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात (हे २००४ साली समोर आलं). ल्युपसच्या काही रुग्णांत ही जाळी नीट विरघळत नाहीत, इंटरफेरॉन (प्रतिकारशक्तीला चेतवणारं प्रथिन) वाढतं, डीएनएविरुद्ध अँटीबॉडी बनतात आणि त्यातून पुन्हा नवी जाळी.

या चक्राची सुरुवात कुठून होते? आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे ल्युपसवरचं औषध टीएलआर ७ आणि ९ ला (पेशीतले आरएनए-डीएनए ओळखणारे सेन्सर) रोखतं असं वाचलं, मग ते जाळी बनणंही कमी करतं, की फक्त पुढचा इंटरफेरॉनचा भडका?

औषधं डॉक्टरच ठरवतात, त्याबद्दल सल्ला नकोय. तिच्या शरीरात काय चाललंय ते तिला नीट सांगता यावं, एवढंच. इम्युनॉलॉजी शिकलेलं कुणी सोप्या भाषेत समजावेल का?