आयरिश आजोबांचा शोध कोठून सुरू करावा?

प्रश्न (भुसावळ): माझ्या आईचे वडील आयर्लंडचे होते आणि जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत इंजिन चालवत, एवढेच आम्हाला ठाऊक आहे. आजी अहिराणीत त्यांच्या आठवणी सांगे. मात्र त्यांच्या गावाचे नाव तिलाही माहीत नव्हते. आई आता थकली आहे, तिच्या हयातीत हे कळावे अशी मनापासून इच्छा आहे.

उत्तर (जळगाव): आधी आयर्लंडकडे न धावता भुसावळच्या चर्चमधील विवाहनोंद पाहावी, कारण तीत वराच्या वडिलांचे नाव असते आणि त्याशिवाय एकाच नावाच्या अनेक माणसांतून आपला माणूस ओळखणे जवळपास अशक्य असते. मुंबई इलाख्यातील चर्चनोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, परंतु कॅथलिक नोंदी तेथे अपुऱ्या आहेत. म्हणून मूळ वही महत्त्वाची.

उत्तर (धुळे): १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातील अभिलेखागाराला लागलेल्या आगीत असंख्य जुने दस्तऐवज जळाले, तरी निराश होऊ नका. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे कागद शाबूत असून इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. त्यांत घरातील प्रत्येकाचे नाव, वय, धर्म आणि जन्माची काउंटी (जिल्हा) मिळते. जन्मनोंदणी १८६४ पासूनची आहे. आडनावापुढचा 'ओ' अनेकदा गळलेला असतो, तेव्हा दोन्ही रूपांनी शोधा.

प्रश्नकर्ता: रविवारी चर्चमध्ये जातो. आईकडे त्यांची जपमाळ आहे, म्हणजे ते बहुधा कॅथलिकच असावेत.