गॅरेजच्या कोब्यावर इपॉक्सी स्वतः मारावं का?

चेंबूरकर (धागाकर्ता)

जुन्या बंगल्याचं किंवा इमारतीच्या आवारातलं बंद गॅरेज समजा. दहा बाय वीस फूट, म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटर. कोबा झिजलाय, झाडू मारला की पांढरी पूड उडते, तेलाचे काळे डाग पडलेत. अशा फरशीवर इपॉक्सीचा (दोन द्रव मिसळून लावायच्या, कडक होणाऱ्या लेपाचा) थर घरच्या माणसांनी द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. या कामात रंग लावणं हा सगळ्यात सोपा भाग. खरी मेहनत आधीच्या तयारीत जाते, आणि ज्याला त्या गॅरेजची काळजी असते तोच ती मन लावून करतो.

मुंबईत मुख्य प्रश्न खालून येणाऱ्या ओलीचा. जुन्या तळमजल्यांखाली रबल सोलिंग (दगडांची भर), त्यावर पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट), त्यावर आयपीएस (वरचा घोटलेला सिमेंटचा थर, म्हणजेच कोबा) असतं, आणि मध्ये ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद बहुधा नसतो. म्हणून पहिली तपासणी अशी: ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद करून किमान १६ तास ठेवायचा, शक्य असेल तर तीन दिवस. तो काढल्यावर खालच्या अंगाला थेंब दिसले किंवा फरशी त्या चौकोनापुरती गडद झाली, तर वाफ खालून येतेय. वरच्या अंगाला थेंब असतील तर तो हवेतला ओलावा, त्याचा इथे संबंध नाही.

ही तपासणी ऑगस्टमध्ये करा आणि इपॉक्सी जानेवारीत मारा. फेब्रुवारीत तपासून फेब्रुवारीतच मारलेली फरशी पावसाळ्यात फुगते. जमीन सगळ्यात ओली असते तेव्हा काय होतं, हे त्या तपासणीत कळलेलंच नसतं.

सामान: शंभर टक्के घन भाग असलेलं (उडून जाणारं पाणी किंवा द्रावक नसलेलं) दोन डब्यांचं इपॉक्सी, एकात रेझिन, दुसऱ्यात ते घट्ट करणारं हार्डनर. घासलेल्या खरखरीत काँक्रीटवर प्रायमर चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास जातो, म्हणजे साडेचार-पाच किलो. वरचे दोन हात प्रत्येकी १५० मायक्रॉनचे, दोन्ही मिळून सहा लिटरच्या आत-बाहेर. एका डब्यात मिळणारा, पाण्यात मिसळायचा ‘इपॉक्सी पेंट’ घेऊ नका. गरम टायरखाली तो मऊ पडतो आणि टायरला चिकटून निघून येतो.

गवंडीगिरी

असहमत. मुंबईतल्या जुन्या, जमिनीवर टेकलेल्या कोब्यावर वाफ अडवणारा कुठलाही पापुद्रा चढवू नये, मग तो कोणीही चढवलेला असो. ओल वर येत राहते, सोबत क्षार आणते, थराखाली साचते. मग नाण्याएवढे फुगे येतात. फोडले तर आत चिकट पाणी निघतं. त्यानंतर पूर्ण थर खरवडण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि खरवडणं हे लावण्याच्या तिप्पट काम.

धूळ बसवायची असेल तर लिथियम सिलिकेटचं काँक्रीट-हार्डनर (कोबा कडक करणारं द्रावण) वापरा. पाण्यासारखं पातळ असतं, फवारायचं, वीस-तीस मिनिटं ब्रशने ओलं ठेवायचं, उरलेलं पुसून घ्यायचं. ते काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग पावून आतच कडक होतं. वर पापुद्राच नाही, त्यामुळे सोलून निघण्याचा प्रश्न नाही. ओल ये-जा करू शकते. रोलर नको, मिश्रणाचं प्रमाण नको, आणि एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम.

चेंबूरकर

गवंडीगिरी, फुग्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. म्हणूनच ऑगस्टची तपासणी म्हटलं. प्लास्टिकखाली थेंब आले तर मीही इपॉक्सी मारा म्हणणार नाही.

पण सिलिकेटला संयोग व्हायला मोकळा चुना लागतो. चाळीस-पन्नास वर्षांच्या कोब्याच्या वरच्या थरात तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने केव्हाच संपवलेला असतो. अशा फरशीवर सिलिकेट ओतलं की वर पांढरी पावडर वाळते आणि धूळ उडायची तशी उडत राहते. आधी फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण शिंपडून पाहा. गडद गुलाबी झालं तर चुना आहे, रंग आलाच नाही तर वरचा थर मेलेला आहे. तो घासून काढला तरच सिलिकेटला अर्थ. म्हणजे ग्राइंडर तुम्हालाही चुकत नाही.

शिवाय सिलिकेट तेल अडवत नाही. गाडीचं इंजिन ऑइल आठवडाभर सांडलेलं राहिलं तर डाग पडणारच.

मृण्मयी

ग्राइंडरचा विषय निघालाच आहे म्हणून. बरेच लोक त्याऐवजी म्युरिअॅटिक अॅसिड वापरतात. स्वस्त पडतं आणि हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतं. माझा त्याला पूर्ण विरोध आहे, कारणं सांगते.

अॅसिड तेल काढत नाही. तेलाच्या डागावर ते काँक्रीटपर्यंत पोचतच नाही, आणि नेमक्या त्याच जागी पुढे पोपडे येतात. दुसरं, ते धुवायला भरपूर पाणी लागतं, म्हणजे जी फरशी कोरडी हवी तीच आपण भिजवून ठेवतो. तिसरं, मागे क्लोराइड राहतात. पोडियमच्या (इमारतीच्या पायथ्याशी उंचावलेल्या मजल्याच्या) किंवा तळघरावरच्या स्लॅबवर खाली सळई आहे, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत तिला आधीच गंज धरलेला असतो. चौथं, मुंबईत कितीतरी इमारतींची भूमिगत पाण्याची टाकी पार्किंगखालीच असते आणि तिचं झाकण फरशीच्या पातळीला. तिथे अॅसिडचं धुणं वाहवणं हा गुन्हाच समजावा.

घासायचंच. पाच इंची ग्राइंडर, डायमंड कप व्हील (काँक्रीट घासणारी हिरेकणांची चकती), वर धूळ ओढणारं आवरण आणि कामाचा व्हॅक्युम. हे सगळं नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत मिळतं. घरचा व्हॅक्युम क्लीनर चालत नाही. बारीक धूळ त्याच्या फिल्टरमधून पार होते आणि मागच्या बाजूने खोलीतच परत येते. ही धूळ सिलिकाची आहे, फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. कापडी मास्क पुरत नाही, घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याच्या वरचा हवा.

घासून झालं की फरशी हाताला ८० नंबरच्या पॉलिश पेपरसारखी लागली पाहिजे. मग ठिकठिकाणी पाण्याचा थेंब टाका. मिनिटाभरात जिरला तर ठीक. मोत्यासारखा उभा राहिला तर तिथे तेल किंवा जुना सीलर आहे, पुन्हा धुण्याच्या सोड्याने घासा, वाळवा, पुन्हा थेंब टाका. तीनदा करूनही थेंब उभाच राहिला तर तेवढा तुकडा छिन्नीने खणून काढा आणि इपॉक्सी मॉर्टरने (इपॉक्सीत कालवलेल्या वाळूने) भरा.

सोसायटीसचिव

मूळ धागा बंद गॅरेजचा आहे, पण वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या तळमजल्यातली) जागा असणार. म्हणून एक गोष्ट लक्षात आणून देतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सांगितलं की स्टिल्टमधलं पार्किंग १९६३ च्या मोफा (महाराष्ट्रातल्या फ्लॅट मालकीच्या) कायद्याखालचं ‘गॅरेज’ नाही. ती सामाईक जागा आहे आणि बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. तेव्हा आपल्या दोन रेघांमधल्या जागेत कोणी परस्पर रंग फासू नये. समितीला लेखी अर्ज द्या आणि ग्राइंडर चालवायची वेळ ठरवून घ्या.

आणि स्टिल्ट तिन्ही-चारी बाजूंनी उघडा असतो. पाऊस आडवा येतो, शेजारच्या गाडीखालचं पाणी वाहत येतं. तिथे गुळगुळीत इपॉक्सी म्हणजे ओल्या चपलेने घसरण्याची सोयच. स्टिल्टला चेकर्ड टाइल किंवा खरखरीत काँक्रीटच बरं.

चेंबूरकर

स्टिल्टबद्दल पूर्ण सहमत. हा धागा बंद गॅरेजपुरताच.

रंगसाहित्य

माझा आक्षेप वेगळा आहे. ओल सोडा, घासणंही जमेल, पण हे मिश्रण मुंबईच्या हवेत नवख्या माणसाच्या हातून बिघडतं. कालवलेला माल वापरायला डब्यावर ४० मिनिटं लिहिलेली असतात ती साधारण २५ अंशांची. तापमान दहा अंशांनी वाढलं की वेळ निम्म्यावर येते, आणि बादलीत गोळा करून ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने ते आणखी लवकर जमतं. पाच किलो एकदम कालवून कोपऱ्यापासून निवांत सुरुवात करणाऱ्याच्या बादलीतून धूर येतो.

दुसरं दवाचं. फरशीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते त्यापेक्षा) किमान तीन अंश जास्त हवं. जुलैत हवा २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरली तर दवबिंदू २६ च्या पुढे जातो, आणि सावलीतली फरशी २७-२८ वर असते. म्हणजे काम बंद. जानेवारीच्या दुपारी ३० अंश आणि ४५ टक्के असताना तोच दवबिंदू १७ च्या आसपास येतो, तेव्हा खुशाल करा. पण रात्री हवा पुन्हा दमट होते आणि ओल्या थरावर मेणचट पांढरट साय धरते. हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून ती बनते. ती न धुता दुसरा हात मारला की दोन हात एकमेकांना धरतच नाहीत.

हे सगळं सांभाळायला अनुभव लागतो. तीन फेजचं मोठं ग्राइंडर आणि चार माणसं घेऊन येणारा कंत्राटदार हेच काम सुबक करतो.

चेंबूरकर

तुम्ही दिलेल्या सगळ्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यातली एकही हाताबाहेरची नाही.

एका वेळी दोन किलोच कालवा. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं हे आधी वाचा आणि वजनाचं असेल तर काटा वापरा. हार्डनर जास्त घातल्याने लवकर सुकत नाही, उलट फरशी कायमची चिकट राहते. ड्रिलला पॅडल लावून कमी वेगात तीन मिनिटं कालवा, मग दुसऱ्या स्वच्छ डब्यात ओतून पुन्हा एक मिनिट. पहिल्या डब्याच्या कडेला न मिसळलेलं रेझिन चिकटलेलं असतं, ते खरवडून फरशीवर घेऊ नका, तिथे ओले ठिपके राहतात. कालवलं की लगेच सगळं फरशीवर पट्ट्या-पट्ट्यांनी ओतायचं. पातळ पसरलं की उष्णता निघून जाते आणि हाताशी वेळ मिळतो. एकाने कालवायचं, दुसऱ्याने रोलर फिरवायचा, कडा आधीच ब्रशने घेऊन ठेवायच्या.

प्रायमर दुपार कलल्यावर लावा. सकाळी लावला तर ऊन चढताना काँक्रीटमधली हवा फुगून बाहेर येते आणि टाचणीएवढी भोकं पडतात. संध्याकाळी फरशी गार होत असते, तेव्हा ती प्रायमर आत ओढून घेते.

साय आली तर कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून हिरव्या घासणीने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. दुसरा हात डब्यावर दिलेल्या मुदतीत, बहुधा २४ तासांच्या आत. मुदत टळली तर पॉलिश पेपर मारूनच पुढे जा. गाडी सात दिवस आत नाही. हायवेवरून आलेल्या गाडीचे तापलेले टायर कच्च्या थरावर टेकले की तो उचलला जातो, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ एवढंच असतं.

कंत्राटदाराचं म्हणाल तर २०० चौरस फुटांसाठी मोठं यंत्र कोणी आणत नाही. जुन्या गॅरेजमध्ये तीन फेजची जोडणीही नसते. मग झाडू, थोडं अॅसिड आणि रोलर, असं काम उरकलं जातं.

गवंडीगिरी

एक राहिलं. घासायच्या आधी हातोडीने सबंध फरशी ठोकून पाहा. आयपीएसचा थर खालच्या पीसीसीपासून सुटलेला असला तर आवाज बद्द येतो. पोकळ भागावर कितीही चांगला लेप दिला तरी गाडीच्या वजनाने तो कोब्यासकट फुटणार. पोकळ तेवढं कापून काढून नवं काँक्रीट भरावं लागेल, आणि त्याला २८ दिवस दिल्याशिवाय वर काही चढवता येणार नाही.

भेगांचंही तेच. केसासारखी भेग व्ही आकारात उघडून इपॉक्सी पुटीने भरा. पण ओतकामाचा मुद्दाम ठेवलेला सांधा असेल तर तो पुटीने बुजवू नका, पॉलियुरेथेन सीलंट (लवचिक भरण) भरा. तो हलतो, आणि कडक भरलेला सांधा शेजारी नवी भेग पाडतो.

माझं मत तेच आहे: जमिनीवरच्या फरशीला पापुद्रा नको. प्लास्टिकची तपासणी त्या तीन दिवसांचंच सांगते. पुढच्या वर्षी शेजारचं गटार तुंबलं तर खालची ओल बदलणारच.

मृण्मयी

गवंडीगिरी, ज्यांना तपासणीत ओल सापडली आणि तरी लेप हवाच आहे त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे: तीन घटकांचं इपॉक्सी-सिमेंट. ते ओलसर काँक्रीटलाही धरतं. दोन मिलिमीटरचा थर द्यायचा आणि इपॉक्सी त्याच्यावर. मिलिमीटरला चौरस मीटरमागे सुमारे दोन किलो लागतं, म्हणजे या गॅरेजला ७५ ते ८० किलो. वजनदार काम आहे, खर्चही चांगलाच वाढतो, पण खालून येणारी ओल त्यात बऱ्यापैकी अडते.

गवंडीगिरी

मृण्मयी, ते काम मला मान्य आहे. पण ८० किलो माल रोलरने ओढता येत नाही. थापीने आणि खाचांच्या पट्टीने एका दमात सारखा ओढावा लागतो. तो मात्र गवंड्यालाच करू द्या.

रंगसाहित्य

शेवटच्या हातावर बारीक क्वार्ट्झ वाळू भुरभुरायला विसरू नका, निदान दारापासून पहिल्या चार फुटांत. पावसाळ्यात टायरबरोबर पाणी तिथेच येतं. आणि दारातून थेट ऊन येत असेल तर इपॉक्सी तेवढ्या पट्ट्यात पिवळं पडेल, तिथे वरून अॅलिफॅटिक (उन्हात पिवळं न पडणाऱ्या) पॉलियुरेथेनचा एक हात द्या.