घरातली प्रार्थना, मुलं आणि आपण : अनुभव सांगा

आमच्या नगरच्या घरी रात्री साडेआठला पप्पा पेटी काढायचे. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन, बायबलचा एक अख्खा अध्याय आणि मग पप्पांची प्रार्थना. ती इतकी लांबायची की गुडघ्यावर टेकल्या टेकल्या मी खाटेवर डोकं ठेवून झोपी जायचे. आता पुण्यात माझी दोन मुलं आहेत, सहा आणि दहा वर्षांची. पेटी नाही, साडेआठला कोणी घरी नाही, आणि "कौटुंबिक प्रार्थना" म्हटलं की दोघांनाही एकदम तहान लागते. तुमच्याकडे कसं जमतं? आणि कसं फसतं, तेही लिहा.

—

आमचं फसलेलं आधी सांगतो. स्तोत्र 23 पाठ करून घेत होतो. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." मुलगा दुसरीत, मराठी माध्यम. म्हणाला, "पप्पा, उणे म्हणजे वजाबाकी ना? मग देव आपल्यातून काय काय वजा करणार नाही?" मी म्हटलं, हो, तसंच समज. मग त्यानं यादीच काढली : सायकल, आजी, शेजारचं कुत्रं. वीस मिनिटं तेवढंच चाललं. पुढची वचनं राहिली ती राहिलीच. आठवड्यानंतर चौथ्या वचनावर आलो, "मृत्युच्छाये"शी अडकलो. घाई नाही.

—

वसईहून लिहितेय. ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा, जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना, तेव्हा सवय आपोआप लागते. खरी गंमत नोव्हेंबरात कळते. रोजची पाच रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग, पाच जणांत वाटलीत. धाकटी पाच वर्षांची, तिच्या वाट्याला फक्त मणी मोजणं. दहाच्या जागी आठच होतात, आणि पकडलं तर म्हणते, "दोन मनात म्हटले."

गुरुवारी मात्र भांडण ठरलेलं. 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची रहस्यं दिली, ती गुरुवारी म्हणतात. माझ्या सासूबाईंना ते मान्य नाही. त्यांचा गुरुवार आनंदाच्या रहस्यांचाच. धर्मशिक्षणाच्या वर्गाला जाणारा नातू त्यांना चुकीचं म्हणतो, त्या आमच्या कादोडी बोलीत त्याला उत्तर देतात आणि प्रार्थनेच्या मध्येच अर्धा तास शास्त्रार्थ होतो. मी मध्ये पडत नाही. मुलगा दुसऱ्या कशासाठी एवढा वेळ जागेवर बसत नाही.

—

मी कबुली देते. माझी प्रार्थना म्हणजे मुलाची चुगली होती. "प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाईलपासून दूर ठेव, उलट बोलण्याची सवय जाऊ दे..." हे सगळं त्याच्यासमोर, डोळे मिटून, गोड आवाजात. एक दिवस त्याची पाळी आली. तो म्हणाला, "प्रभू, मम्मीचा राग कमी कर आणि तिला सांग की मी तुझ्याशी बोलतो तेव्हा तिनं ऐकू नये. आमेन." नवरा हसू दाबत स्वयंपाकघरात पळाला. त्या दिवसापासून नियम केलाय : एकमेकांसाठी फक्त आभार. मागणं ज्याचं त्यानं स्वतःसाठी करायचं. पहिल्या आठवड्यात मला मुलाबद्दल आभाराचं तिसरं वाक्य सुचेना, हेही लिहूनच टाकते.

—

मिरज. मी नर्स, ड्यूट्या फिरत्या. नाईट असली की साडेनऊला वॉर्डाबाहेरून फोन करते, लेक स्पीकरवर एक वचन वाचते, मी "आमेन" म्हणते. दीड मिनिट. कधी मध्येच कॉल-बेल वाजते, तर ती आता स्वतःच म्हणते, "जा तू, मी संपवते."

—

आमच्याकडे कोणीतरी आजारी असलं किंवा दहावीचा निकाल असला तरच प्रार्थना होते. खरं सांगायला काय जातं.

—

दुबईहून. आमच्या मुलीला देवनागरी नीट वाचता येत नाही. मराठी शास्त्र वाचायला लावलं तर ती अक्षरं लावण्यातच दमते, अर्थाकडे पोचतच नाही. म्हणून वाचन तिच्या इंग्रजी बायबलमधून आणि गाणं मात्र मराठीतच. नाताळात गावी गेलो तेव्हा ती माझ्या आईच्या शेजारी बसून तीन कडवी न पाहता गायली. आईनं पुस्तक मिटलं. मग तिला विचारलं, "बाळा, 'तारणारा' म्हणजे कोण, ठाऊक आहे का?"

"माहीत नाही, आजी. पण आवाज वर कुठे न्यायचा ते माहीत आहे."

आईनं तिथल्या तिथे समजावायला घेतलं, आणि जेवायला साडेदहा वाजले.