मदत हवी आहे: दुसऱ्या सिल्व्हेस्टर पोपची जुनी चित्रं शोधताना झाडं आणि रानमांजरंच जास्त येतात

प्रश्न

भारतीय अंक युरोपात कसे पोहोचले यावर शाळेसाठी ए-थ्री आकाराचा तक्ता करायचा आहे. त्यात या अंकांचा प्रसार करणाऱ्यांपैकी एक, पोप दुसरा सिल्व्हेस्टर (मूळ नाव जर्बर्ट, पोपपदाचा काळ 999 ते 1003) याचं एखादं जुनं चित्र हवं आहे. पण नाव टाकलं की पाइनची झाडं, रानमांजर, फुलपाखरू, शिंदी आणि 31 डिसेंबरची आतषबाजी येते. गाळायचं कसं? आणि या झाडा-प्राण्यांना पोपचं नाव दिलंय का?

अंकलिपी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. लॅटिनमध्ये सिल्वा म्हणजे रान. त्यावरून या झाडा-प्राण्यांच्या शास्त्रीय नावात येणारा सिल्व्हेस्ट्रिस म्हणजे रानचा, रानटी. पोपचं नाव त्याच मुळातून आलंय, इतकाच संबंध. आपण रानतुळस, रानकेळ म्हणतो तसंच. प्राण्याच्या नावाच्या शेवटी ‘सिल्व्हेस्ट्री’ला दोन आय दिसले तर ते बहुधा इटालियन कीटकतज्ज्ञ फिलिप्पो सिल्व्हेस्ट्री यांच्या नावावरून असतं.

आता गाळणी. पोपचं नाव टाकूच नका, ‘जर्बर्ट’ टाका. रोमन लिपीत जी-ई-आर-बी-ई-आर-टी, पुढे ओरियाक हे गावाचं नाव. एवढ्यानं झाडं जवळपास सगळी जातात. तरी ‘सिल्व्हेस्टर’ वापरायचंच असेल तर नाव आणि रोमन दोन मिळून अवतरणचिन्हांत टाका आणि नको ते शब्द वजाचं चिन्ह लावून जोडा. इथे बहुतेकांचं चुकतं, कारण स्पेलिंग एक नाही. पाइनच्या नावात एस नंतर वाय आहे (लिनियस, 1753), रानमांजराच्या नावात आय (श्रेबर, 1777). शिवाय बेडकीच्या पाल्याचं शास्त्रीय नाव नपुंसकलिंगी असल्यामुळे शेवट ‘सिल्व्हेस्ट्रे’ होतो. म्हणजे वजा करायचे शब्द एक नाही, तीन.

आतषबाजी येते कारण जर्मन आणि पोलिश लोक 31 डिसेंबरलाच सिल्व्हेस्टर म्हणतात. तो पहिल्या सिल्व्हेस्टर पोपचा दिवस. त्यासाठी जर्मन शोधात ‘पाप्स्ट’ हा शब्द जोडा.

प्रश्नकर्ता

जर्बर्टनं काम झालं, आभार! सिल्व्हेस्टर टाकून फ्लॉरेन्सचं एक सुंदर भित्तिचित्रही मिळालं. पोप एका ड्रॅगनसमोर उभा आहे. घेऊ का?

भूर्जपत्र

नका घेऊ! तो पहिला सिल्व्हेस्टर (314 ते 335). चित्र तिथल्या सांता क्रोचे चर्चमधलं, मासो दी बांको या चित्रकाराचं. दोन पोपांची गल्लत फार होते, म्हणून खुणा लक्षात ठेवा. ड्रॅगन, मेलेला बैल जिवंत करणं किंवा सम्राट कॉन्स्टंटाइन दिसला की तो पहिला. डोक्यामागे तेजोवलय असेल तरी पहिलाच, कारण तो संत आहे, दुसरा नाही. रोममधल्या सांती क्वात्रो कोरोनाती या चर्चची 13व्या शतकातली चित्रंही पहिल्याचीच.

दुसऱ्याबरोबर सैतान असतो. गणित आणि ताऱ्यांचं ज्ञान असलेल्या माणसानं सैतानाशी करार केला, अशी कथा त्याच्या मृत्यूनंतर पसरली. बाराव्या शतकात माम्सबरीच्या विल्यम या इंग्लिश इतिहासकारानं तर बोलणारं धातूचं डोकंही त्याच्या पदरी बांधलं. एका विद्वानाच्या वाट्याला हे यावं याचं मनापासून वाईट वाटतं. तक्त्यात कथेला ‘कथा’च म्हणा.

तुम्हाला हवं ते चित्र हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे: कोडेक्स (म्हणजे हस्तलिखित) पालाटिनुस गेर्मानिकुस 137, पान 216 व्ही, सुमारे 1460. व्ही म्हणजे पानाची मागली बाजू. पुढली बाजू उघडून ‘इथे चित्रच नाही’ म्हणून परत फिरू नका. आणि 1460 म्हणजे पोपच्या मृत्यूनंतर साडेचारशे वर्षं. खाली ‘पोपचं चित्र’ असं न लिहिता ‘15व्या शतकातलं कल्पनाचित्र’ लिहा. तिहेरी मुकुट घातलेला जर्बर्ट कुठेही दिसला तरी तो नंतरच्या चित्रकाराच्या मनातला, कारण मुकुटाचा तिसरा थर 14व्या शतकातला.

अंकांसाठी मात्र पोपपेक्षा बोलकं पान आहे: कोडेक्स विजिलानुस, 976, आता स्पेनमधल्या एल एस्कोरियालमध्ये. त्यात नऊ अंक एका ओळीत आहेत, शून्य नाही. जर्बर्टच्या अबॅकसमध्येही, म्हणजे आकडेमोडीच्या पाटीतही, शून्याची गरज नव्हती. रिशेर या त्याच्या शिष्यानं लिहिलंय की पाटीवर 27 रकाने होते आणि शिंगापासून केलेल्या 1000 सोंगट्या. रकाना रिकामा ठेवला की झालं. मुलांना हे हातात सोंगट्या देऊन दाखवता येतं.

रानवाटा

शिंदी अगदीच गाळू नका, कोपऱ्यात एक चौकट द्या. रीड या डच अधिकाऱ्याच्या ‘होर्तुस मलाबारिकुस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात (1682) ‘काटू-इंदेल’ नावानं तिची चित्रं आहेत. मल्याळममध्ये काटू म्हणजे रान. त्याच चित्रांवरून लिनियसनं तिला नाव दिलं आणि ‘काटू’चं लॅटिन केलं सिल्व्हेस्ट्रिस. दिवाळीला पुजतो ती केरसुणी हिच्याच पानांची. त्या ग्रंथासाठी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांनी माहिती दिली आणि त्यांची साक्ष नागरीत छापली आहे. अंकांच्या तक्त्याला हे शोभेल.

रानमांजराचं चित्र वापरलं तर जुन्या मथळ्यावर विसंबू नका. राजस्थान-कच्छकडचं वाळवंटी मांजर पूर्वी सिल्व्हेस्ट्रिसमध्ये धरत, 2017च्या वर्गीकरणात ते लिबिका या वेगळ्या जातीत गेलं.

अंकलिपी

छपाईचं राहिलं. पूर्ण ए-थ्रीला 300 डीपीआयनं (इंचाला 300 ठिपके) 4961 गुणिले 3508 पिक्सेल लागतात. शोधात दिसणारं 1000 पिक्सेलचं चित्र त्याच दर्जात जेमतेम साडेआठ सेंटिमीटर छापतं. मोठं केलं की अक्षरांच्या कडा फुटतात. मूळ ग्रंथालयाची सर्वांत मोठी प्रत उतरवा. ओरियाकचा 1851चा पुतळा घेतलात तर पुतळा जुना असला तरी छायाचित्र नवं असतं, त्यामुळे छायाचित्रकाराचा परवाना बघून खाली नाव द्या.